कल्याण प्रांतींचीं घोडीं व त्यांच्या पोटांतील जंत

कल्याणाहून कसाऱ्याच्या घाटाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाडानंतर आंबिवली हें स्टेशन लागतें. आज हें गांव कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत येतें आणि तेथें घोड्यांचा इतिहास शोधावयास जावें असें कोणाच्या मनांत सहसा येणार नाहीं. तथापि या गांवीं इराणी लोकांची एक जुनी वस्ती आहे व आपले पूर्वज घोड्यांची खरेदीविक्री करीत हिंडत असत असें त्या वस्तींतील लोक सांगतात. शिवाय कल्याण बंदरांत उतरलेला माल थळघाटानें देशावर चढे तो याच काळू-भातसेच्या मुलुखांतून. तेव्हां पश्चिम समुद्रावरून येणारें घोडें आणि देशावरची पागा यांना जोडणाऱ्या वाटेवर हें गांव वसलेलें आहे. या वाटेनें घोड्यांबरोबर त्यांच्या पोटांतून जें दुसरें ओझें वर चढत असे, त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. तें ओझें म्हणजे जंत.

विषय किळसवाणा व क्षुल्लक वाटेल, हें आम्ही जाणतों. परंतु मराठ्यांचें राज्य घोड्याच्या पाठीवर उभें होतें, हें वाक्य आपण वारंवार लिहितों. मग त्या घोड्याच्या पोटांत काय चाललें होतें, हा प्रश्न इतिहासाच्या बाहेरचा ठरत नाहीं. दप्तरांतून घोडीं मेल्याचे उल्लेख येतात. त्यांचें कारण आपण बहुधा तीन सदरांत घालून मोकळे होतों : लढाई, उपासमार किंवा मरी. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें आहे कीं या तीन सदरांखालीं एक चौथें कारण सर्वत्र पसरलेलें होतें, आणि तें कागदांत आढळत नाहीं याचें कारण तें दुर्मिळ होतें हें नसून तें अतिपरिचित होतें हें आहे.

प्रथम घोड्यांच्या आयातीचा विचार करूं. कोंकण ही घोड्याची जन्मभूमि नव्हे. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टें काटक म्हणून नांवाजलेलीं होतीं खरीं, परंतु मोठ्या चणीचें जनावर अरबस्तान, इराण व त्यांपलीकडील प्रदेशांतूनच आणावें लागे. मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी तेराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या किनाऱ्यानें गेला. त्यानें ठाण्याविषयीं एक चमत्कारिक हकीकत नमूद केली आहे. तेथील राजाचें चांचे लोकांशीं संगनमत होतें व करार असा होता कीं लुटींतील घोडे तेवढे राजाचे, बाकीचा माल चांच्यांचा. राजास स्वतःची घोड्यांची पैदास नव्हती, आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बहुतेक गलबतांवर घोडे असत, म्हणून हा करार. ठाणें-कल्याणच्या खाडीचें त्या काळचें महत्त्व कशांत होतें, हें सांगावयास एवढी एक हकीकत पुरे आहे. पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं गोवें घेतल्यावर घोड्यांचा व्यापार त्या बंदराकडे ओढून नेला, व त्यावरील जकात हें त्यांच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन झालें.

याच प्रवाशानें मअबर म्हणजे चोलमंडलाच्या किनाऱ्याविषयीं लिहिलें आहे तें आमच्या विषयास अधिक जवळचें आहे. तेथील राजा दरसाल दोन हजारांवर घोडे विकत घेई आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही जिवंत राहत नसत. कारण तो असें देतो कीं त्या लोकांस घोड्याची निगा ठाऊक नव्हती, आणि व्यापारी आपला धंदा चालावा म्हणून घोड्यांचे वैद्य तिकडे जाऊं देत नसत. आंकडा अतिशयोक्तीचा असेल. परंतु परदेशचा घोडा आपल्या दमट किनाऱ्यावर लौकर मरे, हा अनुभव त्यामागें आहे यांत संशय नाहीं. मांस घालून शिजविलेला भात हें खाद्य आणि हवा या दोन गोष्टी त्या काळच्या माणसास दिसण्यासारख्या होत्या. तिसरी गोष्ट डोळ्यांस दिसणारी नव्हती.

आतां आपल्या घरच्या साधनांकडे वळूं. इ. स. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी शिवछत्रपतींच्या ताब्यांत आली, व कोंकणच्या उत्तर भागांत मराठ्यांच्या घोडदळाचा राबता सुरू झाला. त्या घोडदळाची रचना कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असा तो हिशेब आहे. घोड्याचा वैद्य या हिशेबांत निराळा धरलेला नाहीं. नालबंदच तें काम जमेल तसें करीत असावा असा तर्क होतो. याच्या उलट अकबराच्या तबेल्यांतील नोकरांची जी यादी अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें दिली आहे, तींत बैतार म्हणजे घोड्याचा वैद्य आहेच, पण त्याखेरीज खाकरोब म्हणजे झाडलोट करणारा हाही स्वतंत्र नोकर आहे. हा खाकरोब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

सभासदानें आणखी एक मौल्यवान माहिती दिली आहे. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस आपल्या मुलुखांत यावें, आणि तेथें घोड्यांसाठीं दाणा, रतीब व औषधें यांची तजवीज आणि गवतानें शाकारलेलीं घरें आधींच तयार असावीं, असा नेम तो सांगतो. दसरा झाला म्हणजे लष्कर पुन्हां मुलूखगिरीस निघे. औषधांचा उल्लेख येथें दाण्याच्या बरोबरीनें येतो, हें विशेष आहे. लढाईच्या जखमांचे दिवस ते नव्हेत. पावसाळ्यांत घोडा बांधून असे. मग औषधें कशासाठीं? खोकला, खूर कुजणें, खरूज अशीं कारणें असूं शकतात. परंतु पोटाच्या विकारांना या यादींतून वगळतां येणार नाहीं.

दुसरें साधन म्हणजे राज्याभिषेकाच्या आगेमागें चिपळूणच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेलेलें महाराजांचें सुप्रसिद्ध पत्र. त्या पत्राचा रयतेविषयींच्या कळकळीसाठीं नेहमीं उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. तथापि तें पत्र प्रथमतः घोड्यांविषयीं आहे, हें विसरूं नये. सांठविलेला दाणा व वैरण आरंभींच बेहिशेबीपणें उधळली तर भर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशी मरतील, आणि त्या मृत्यूचा दोष छावणीच्या अधिकाऱ्यांवर येईल, असा त्याचा आशय आहे. कोंकणांतील पावसाळा हा घोड्यांच्या मृत्यूचा काळ आहे ही जाणीव राज्यकर्त्याच्या ठिकाणीं किती तीव्र होती, हें त्यावरून कळतें.

इतकें असूनही जंतांचा उल्लेख या दोन्ही साधनांत नाहीं. यावरून घोड्यांना जंत नव्हते असें म्हणावें काय? तसें म्हणणाऱ्यानें शास्त्रग्रंथांकडे पाहावें. आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नांवानें चालते. जयदत्तसूरीचें ‘अश्ववैद्यक’ व नकुलाचें ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ कलकत्त्याच्या बिब्लिओथिका इंडिका मालेंत एकत्र छापलेले आहेत. अग्निपुराणांत अश्वचिकित्सेचें प्रकरण शालिहोत्राच्याच मुखीं घातलेलें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत घोड्यांना मोठें स्थान आहे. (हें कल्याण बिदरकडील, आमच्या खाडीवरील कल्याणाशीं त्याची गल्लत होऊं नये.) भोजाच्या नांवावरील ‘शालिहोत्र’ पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९५३ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि नकुलाच्या ‘अश्वशास्त्रा’ची सचित्र प्रत तंजावरच्या सरस्वती महालानें १९५२ मध्यें छापली. ती प्रत मराठ्यांच्या राजघराण्यानें जोपासलेल्या संग्रहांतली आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. हीच विद्या फारसींत गेली व तेथें तिचें नांव ‘सालोतर’ झालें. घोड्याच्या वैद्यास ‘सालोत्री’ म्हणण्याचा प्रघात त्यांतूनच पडला. त्या फारसी परंपरेंतील एका ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १७८८ मध्यें कलकत्त्यास छापून निघालें.

कृमींची कल्पना या सर्व परंपरेच्या पायाशीं आहे. चरकानें माणसांच्या कृमींचे वीस प्रकार सांगितले असून त्यांच्या चिकित्सेचीं तीन अंगें मांडलीं आहेत : अपकर्षण म्हणजे कृमि बाहेर काढणें, प्रकृतिविघात म्हणजे ज्या स्थितींत ते वाढतात ती मोडणें, आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारण टाळणें. घोड्याच्या वैद्यासही या त्रयीबाहेर जाण्याचें प्रयोजन नव्हतें. औषधेंही बहुतेक तींच : वावडिंग, पळसपापडी, कपिला, इंद्रजव, कडुनिंब, हिंग, ओवा. यांतील पळस तर आमच्या कल्याण-मुरबाडच्या माळांवर फाल्गुनांत पेटल्यासारखा फुलतो, आणि वावडिंग सह्याद्रीच्या रानांतून मिळतें.

या मालिकेंतील एक औषध मात्र परदेशचें आहे, आणि त्याची कथा घोड्याच्या कथेशीं समांतर चालते. तें म्हणजे किरमाणी ओवा. ओवा म्हणतात, पण हा ओवा नव्हे. दवण्याच्या वर्गांतील एका झुडपाच्या कळ्या सुकवून विकतात त्या ह्या. यांतूनच सँटोनिन हें जंतांवरचें द्रव्य युरोपांत १८३० मध्यें वेगळें काढण्यांत आलें. त्याच्या नांवाची व्युत्पत्ति दोन प्रकारें लावतां येते. इराणांतील किरमान प्रांतावरून तें आलें असेल, अथवा फारसींतील ‘किर्म’ म्हणजे कृमि यावरून. दुसरा शब्द आपल्या ‘कृमि’चा सख्खा भाऊच आहे. कोणतीही व्युत्पत्ति घेतली तरी दिशा एकच राहते : ज्या समुद्रानें घोडा आला, त्याच समुद्राच्या पलीकडून त्याच्या पोटांतील रोगावरचें औषध आलें.

येथवर झाली ती साधनांची परीक्षा. घोड्यांत जंत किती सार्वत्रिक असतात, याचें उत्तर मात्र ग्रंथांतून मिळणार नाहीं; तें पशुवैद्यकानें दिलेलें आहे. आमच्या भागास या शास्त्राचा शेजार जुना आहे. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्यें परळास निघालें. त्यापूर्वीं सहा वर्षें, १८८० मध्यें, ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानें डेरा इस्माइलखान येथें सर्रा रोगानें पछाडलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत वळवळणारा सूक्ष्म जंतु पाहिला व रोगाचें कारण तोच असें म्हटलें. आणि १८८३ मध्यें बेल्जममधील व्हान बेनेडेन यानें घोड्याच्या पोटांतील मोठ्या जंताच्या अंड्यांचा अभ्यास करूनच बीजपेशींत रंगसूत्रांची संख्या निम्मी होते हा शोध लाविला. हा जंत त्याला मुबलक व सहज मिळत असे, हीच त्याच्या प्राचुर्याची एक साक्ष होय.

घोड्याच्या पोटांतील मुख्य जंत येणेंप्रमाणें आहेत. पहिला पॅरॅस्कॅरिस, पांढरा, गोल, वीत-दीड वीत, कधीं हातभर लांब. हा शिंगरांचा शत्रु. मादी दिवसाला लाखावर अंडीं घालते, आणि तीं जाड कवचाचीं अंडीं तबेल्याच्या जमिनींत वर्षानुवर्षें टिकतात. दुसरा ऑक्सियुरिस, यामुळें घोडा शेपटीचें मूळ भिंतीवर घांसतो. तिसऱ्या त्या माशीच्या अळ्या, जी घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर पिवळीं अंडीं चिकटविते. घोडा तीं चाटतो व अळ्या आठदहा महिने जठराला चिकटून राहतात. चौथा चपटा पट्टकृमि. पांचवा वर्ग स्ट्राँगिल जातीचा, आणि खरा प्रश्न याचाच आहे. यांत बारीक स्ट्राँगिलांच्या पन्नासांच्या घरांत जाति आहेत, आणि मोठ्यांत स्ट्राँगिलस व्हल्गॅरिस हा सर्वांत घातकी.

हे किती सार्वत्रिक? चराऊ रानांत वाढलेल्या प्रौढ घोड्याच्या पोटांत बारीक स्ट्राँगिल नसणें हाच अपवाद, हें पशुवैद्यकाचें आतां सर्वमान्य मत आहे. मोठ्या स्ट्राँगिलाचीही स्थिति विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तशीच होती. १९६१ नंतर थायाबेंडॅझोल व पुढें आयव्हरमेक्टिन हीं औषधें आल्यावर तो अनेक देशांत दिसेनासा झाला. आयव्हरमेक्टिनाच्या शोधाबद्दल कॅम्पबेल व ओमुरा यांस २०१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु डेन्मार्क देशांत परीक्षेवांचून औषध देण्यास कायद्यानें बंदी झाल्यावर, व म्हणून निवडक घोड्यांसच औषध दिलें जाऊं लागल्यावर, तोच जंत पुन्हां आढळूं लागला. यावरून उघड होतें कीं औषधाविना घोडा म्हणजे जंतांसहित घोडा. शिवकालीन अथवा पेशवेकालीन पागा या नियमास अपवाद असण्याचें कांहींच कारण दिसत नाहीं.

आणखी एक नियम इतिहासकारानें ध्यानांत घ्यावा. जंत सर्व घोड्यांत असले तरी सारखे वांटलेले नसतात. कळपांतील पांचवा हिस्सा किंवा त्याहून थोडीं अधिक घोडीं एकूण अंड्यांपैकीं सुमारें शेंकडा ८० अंडीं बाहेर टाकतात. सभासदाच्या पंचवीस घोड्यांच्या पथकास हा हिशेब लावला तर पांचसात घोडीं सर्वांची जमीन बिघडविणार, आणि तीं दिसावयास धडधाकटही असूं शकतील. हवालदारास कोणतें जनावर दोषी हें कळण्याचा मार्गच नव्हता. लिदींतील अंडीं मोजण्याची सोपी रीत १९३९ मध्यें ऑस्ट्रेलियांत निघाली.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. स्ट्राँगिलस व्हल्गॅरिसाची अंडीं लिदींतून पडतात. उष्ण व ओलसर हवेंत आठवड्याभरांत त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढण्यायोग्य होतात. गवताबरोबर त्या पोटांत गेल्या कीं आतड्याच्या भिंतींतून रक्तवाहिन्यांत शिरतात, आणि दोनतीन आठवड्यांत आतड्यांस रक्त पुरविणाऱ्या मुख्य धमनींत जाऊन बसतात. तेथें त्या तीनचार महिने राहतात. धमनी सुजते, रक्ताच्या गांठी होतात, त्या सुटून पुढें अडकतात, आणि आतड्याचा भाग मरून घोडा असह्य पोटशुळानें लोळूं लागतो. आंत शिरल्यापासून सहासात महिन्यांनीं जंत पूर्ण वाढून अंडीं घालूं लागतो.

हें कालमान मराठ्यांच्या लष्करी वर्षावर ठेवून पाहावें. कडक उन्हाळ्यांत माळ करपून जातो व अळ्या मरतात. ज्येष्ठाच्या पावसानें कोंवळें गवत उगवतें व अळ्यांचा हंगाम सुरू होतो. आषाढापासून भाद्रपदापर्यंत लष्कर छावणीस. म्हणजे जंत पोटांत शिरतात ते या काळांत. दसऱ्यास लष्कर बाहेर पडतें. धमनीचा रोग भरास येतो तो आश्विनापासून पौष-माघापर्यंत, मुलूखगिरीच्या ऐन धामधुमींत, शेंकडों कोसांवर. तेथें घोडें पोटशुळानें मेलें तर लिहिणारा काय लिहील? दौडीचा ताण, परमुलखाचें पाणी, निकस दाणा. पेरणी कल्याण-चिपळूणच्या छावणींत झाली आणि पीक खानदेशांत कापलें गेलें, हें त्यास कळणें शक्य नव्हतें. कारण आणि कार्य यांत चार महिन्यांचें व दोनशें कोसांचें अंतर पडलें, म्हणून कागदांत तीं दोन्ही एकत्र येत नाहींत. जें डोळ्यांना दिसे, म्हणजे लिदींतील हातभर पांढरा जंत, त्यास औषध दिलें जाई. जो मारी, तो धमनींत लपलेला असे.

या अनुमानावर जे आक्षेप येतील ते आम्हीच मांडतों. पहिला, पागेचें घोडें मोकळें चरत नसे. तें थानावर बांधलेलें असे व त्यास कापलेलें गवत आणि हरभऱ्याची चंदी मिळे. हरभरा हा घोड्याचा खुराक कसा झाला, याचा शोध कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं घेतलेला आहेच. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यानें स्ट्राँगिलाचें प्रमाण कमी होतें हेंही खरें. नीट वाळविलेल्या गवतांत अळ्या फार काळ तग धरीत नाहींत. परंतु छावणीची वैरण संपली, आणि ती संपते म्हणूनच चिपळूणचें पत्र लिहावें लागलें, कीं घोडें जवळच्या ओल्या कुरणावरच जाणार. आणि जवळचें कुरण म्हणजे बहुधा लीद पडलेलें कुरण. शिवाय बांधलेल्या घोड्याच्या जमिनींत पॅरॅस्कॅरिसचीं अंडीं सांठत जातात. म्हणजे बांधलें तर एक जंत, सोडलें तर दुसरा. अकबराच्या खाकरोबाचें महत्त्व येथें समजतें. रोज लीद उचलणारा माणूस हाच घोड्याचा पहिला वैद्य. चरकाचें निदानपरिवर्जन तें हेंच.

दुसरा आक्षेप गुरांचा. कोंकणांत घोड्यांपेक्षां गाईम्हशी कितीतरी अधिक, आणि घोड्याच्या स्ट्राँगिलाच्या अळ्या गाईच्या पोटांत गेल्यास मरून जातात. तेव्हां सामाईक गायरान घोड्यास हितकारक नाहीं काय? आहे. पण गाईबैलांच्या उदरपोकळींत राहणारा सेटारिया नांवाचा एक तंतुकृमि आहे. त्याच्या सूक्ष्म अळ्या डांसांच्या दंशानें घोड्याच्या अंगांत गेल्या तर वाट चुकून पाठीच्या कण्यांत शिरतात, व घोड्याची कंबर लुळी पडते. हिंदुस्थानांतील पशुवैद्य या रोगास ‘कुमरी’ म्हणत आले आहेत. भातखाचरें, गुरें आणि डांस हीं तिन्ही जेथें एकत्र आहेत, त्या कल्याण प्रांतांत हा रोग परका खास नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : घोडीं उपासमारीनें मरत असतां जंत कशाला आणावे? यावर उत्तर इतकेंच कीं हीं दोन कारणें एकमेकांची सवत नसून सोबतीण आहेत. भरल्या पोटीं जंत सोसतात; चंदी कमी झाली कीं तेच जंत जनावरास खालीं बसवितात. चिपळूणचें पत्र दाण्याच्या हिशेबावर भर देतें तें योग्यच होतें. नकळत तें जंतांवरचेंही फर्मान होतें.

हें सारें अनुमान आहे, प्रत्यक्ष पुरावा नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. प्रत्यक्ष पुरावा मिळण्याच्या वाटा मात्र दोन आहेत. एक जमिनीची. पॅरॅस्कॅरिससारख्या जंतांच्या अंड्यांचें कवच इतकें चिवट असतें कीं प्राचीन मातींतून जंतांचीं अंडीं शोधण्याचें एक स्वतंत्र शास्त्रच आतां बनलें आहे. कल्याणच्या दुर्गाडीच्या आसपास किंवा घाटाखालील एखाद्या जुन्या पागेच्या जागीं पाया खणतांना जुन्या थरांची माती मिळाली, तर ती फेंकून न देतां जाणत्यांच्या हातीं द्यावी. पुण्यांत पेशव्यांच्या हुजूरपागेच्या जागीं मुलींची शाळा आहे. अशा जागांचीं नांवें राहतात, माती मात्र इमारतींच्या पायांत नाहींशी होते.

दुसरी वाट कागदांची, आणि ती या त्रैमासिकाच्या वाचकांच्या हातीं आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांत राजकारण आलें, मोहिमा आल्या. पागेचे रोजचे हिशेब रुमालांतच राहणें स्वाभाविक होतें. खासगी घराण्यांच्या दप्तरांची स्थिति याहून वाईट आहे. शिलेदार घराण्यांतील बाडांत सनदा व महजर निघाले कीं ते जपून ठेवितात. घोड्याच्या काढ्याची चिठ्ठी, नालबंदाचा हिशेब, वैद्याच्या हातचें शालिहोत्राचें सुटें पान, हीं निरुपयोगी म्हणून बाजूस पडतात आणि वाळवीच्या स्वाधीन होतात. आमच्या विषयाचा पुरावा नेमका त्या पानांत आहे.

तेव्हां संग्राहकांस विनंति अशी कीं अशीं पानें हातीं आल्यास चार गोष्टी टिपून ठेवाव्या. घोडें मेल्याची नोंद असेल तर महिना कोणता, आणि तें कोठून आलेलें होतें. वैरण कोणत्या कुरणाची, सुकी कीं ओली. औषधांत वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा यांपैकीं कांहीं आहे काय, आणि तें वर्षाच्या कोणत्या दिवसांत खरेदी झालें. झाडलोटीसाठीं किंवा लीद काढण्यासाठीं माणूस लाविला होता काय, व त्यास काय मिळे. एका कागदानें कांहींच सिद्ध होणार नाहीं. पण निरनिराळ्या घराण्यांतील असे शेंदोनशें कागद जमले आणि मृत्यूंचे महिने दसऱ्यानंतर चढत गेलेले दिसले, तर वरील अनुमान पुराव्याच्या पदवीस पोंचेल. तसें न दिसल्यास तें मोडेल, आणि तेंही ज्ञानच होय.

माथेरान हें ठिकाण ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानें १८५० मध्यें शोधून काढलें. तेथील डोंगरावर आजही घोडीं प्रवाशांस वाहून नेतात, भर पावसाळा काढतात आणि आपल्या पूर्वजांचेच जंत पोटांत बाळगतात; फरक एवढाच कीं आतां त्यांना नळींतून एक लेप चाटविला कीं काम भागतें. तो लेप ज्यांच्या नशिबीं नव्हता, तीं घोडीं अटकेपर्यंत जाऊन आलीं. त्यांच्या पाठीवरच्या स्वारांचीं नांवें आपण शोधून काढलीं आहेत. त्यांच्या पोटांतील दुखण्याचा एखादा कागद कोणाच्या माळ्यावर असेल, तर तो वाळवीच्या आधीं आपल्या हातीं यावा, इतकीच या लेखाची अपेक्षा आहे.